डब्यात काय आहे, ते नाचून दाखव

माझ्या गुडघ्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते वेळेवर दुखायला लागले नसते, तर मी आजही अमरावतीच्या बालवर्गात उभी राहून चार वर्षांच्या लेकरांना सिनेमातले ठुमके शिकवत असते आणि स्वतःला मोठी शिक्षिका समजत असते. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण लोक दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतात. मी ती गेली काही वर्षं स्वतःलाच ऐकवते आहे आणि मला तिचा आता रागही येत नाही.

बालवर्गात नाच बसवायची आमच्याकडे एकच रीत. मॅडमनी समोर उभं राहून हातपाय हलवायचे आणि मुलांनी पाहून तसंच करायचं. गॅदरिंगच्या दिवशी मॅडम विंगेत उभी राहते, लोकांना दिसणार नाही अशी, आणि अख्खा नाच तिथे करते. मुलं मान वाकडी करून तिच्याकडे बघत बघत नाचतात. अशा नाचांचे फोटो कुणाच्याही घरात सापडतील. सगळी लेकरं एकाच बाजूला बघत असतात, आईबापांकडे कुणीच बघत नसतं. माझ्या नोकरीतल्या कितीतरी वर्षांच्या फोटोंत मी कुठेच नाही आणि सगळ्यांची नजर मात्र माझ्यावर आहे.

माझी पहिली नोकरी अकोल्याला. तिथल्या एका कॉन्व्हेंटमध्ये. इंग्रजी बालवाडीला आमच्याकडे कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती किराणा दुकानाच्या माडीवर का भरेना. त्या शाळेतली एक गोष्ट मी पुढे वीस-बावीस वर्षं सांगत आले. नव्या शिक्षिकांना सांगितली, पालकसभेत सांगितली, अमरावतीच्या नोकरीच्या मुलाखतीतही सांगितली. गोष्ट अशी: पाच वर्षांची एक मुलगी होती. शिकवलं की टिपकागदासारखं टिपून घ्यायची. गॅदरिंगला मी तिला मधोमध उभं करून तेव्हाच्या गाजलेल्या एका गाण्यावर नाच बसवला. भाड्यानं आणलेला चमकीचा घागरा, मागे हुकांची लांबलचक रांग, ओठांना लाली. मंडपात 'वन्स मोअर' झाला. पुन्हा नाचवलं. पुन्हा 'वन्स मोअर' झाला. तिसऱ्यांदा नाचताना जानेवारीच्या थंडीत त्या पोरीचे कपडे ओले झाले. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं, मग मंडप हसला. पण पोरीनं एक स्टेप चुकवली नाही! शेवटपर्यंत नाचली. मी गोष्टीच्या शेवटी बोट उचलून म्हणायची, "याला म्हणतात तयारी." यावर टाळ्या पडायच्या.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. ही गोष्ट मी अभिमानानं सांगायची.

पुढे नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही अमरावतीला आलो. इथल्या शाळेतही मी तोच कारखाना चालवला, गुडघे बोलायला लागेपर्यंत. डॉक्टरांनी सांगितलं, वर्गात उकिडवं बसायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. मी खुर्चीवर बसले. आता करून दाखवता येईना, म्हणून मी सांगायला लागले आणि सांगून मुलांना काही कळेना. चार वर्षांच्या मुलाला "उजवा हात वर, डावा पाय पुढे" म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला उजवं-डावं अजून कळत नसतं, एका पायावर ते धड चार क्षण उभं राहत नाही. इतकी वर्षं माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, कारण माझ्याकडे बघून ती कशीबशी उरकून नेत होती.

भुलाबाईच्या दिवसांत वाट सापडली. भादव्यातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. तो हलवायचा, वाजवायचा आणि आत कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. फुटाणे वेगळे वाजतात, मुरमुरे वेगळे. एके दिवशी मी वर्गात असाच डबा नेला आणि एका पोराच्या कानात सांगितलं, "आत काय आहे ते तुला कळलं ना? आता बोलायचं नाही. नाचून दाखव." आत ज्वारीच्या लाह्या होत्या. पोरगं खाली बसलं, थरथरलं, डोळे मोठे केले आणि फटकन उडालं. सगळा वर्ग ओरडला, "लाह्या!"

त्या दिवशी मला हसू आलं आणि लाजही वाटली. बसणं, थरथरणं, वाट पाहणं, उडी मारणं, जमिनीवर टेकणं. महिनाभर घाम गाळून मी जे बसवू शकले नव्हते ते त्या पोरानं कढईकडून शिकून घेतलं होतं. शिवाय कढईत कुठलेही दोन दाणे एकदम फुटत नाहीत. म्हणजे सगळ्यांनी एकसारखं करण्याचा प्रश्नच मिटला.

मग आमचा तोच धडा झाला. रोज एका घरून झाकलेला डबा यायचा. लाडू गडगडायचे, शेवया अंग ताणून लोंबायच्या, गुळाचा खडा जड जड चालायचा. शिरा होऊन तर अख्खा वर्ग फरशीवर पसरून इतका सावकाश सरकायचा की आमच्या मदतनीस मावशी झाडू घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "सरकू द्या, फरशी पुसल्या जाते." मी खुर्चीत बसून मांडीवरच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यावर ताल धरायची. करून काहीच दाखवायचं नाही, असा मी नेम केला. त्यातलं शहाणपण किती आणि गुडघे किती, हे विचारू नका.

मग एका जून महिन्यात ती आली. तिशीच्या आतली बाई, अमरावतीत सासर, लेकीचं नाव बालवर्गात घालायला आली होती. लेक आईच्या ओढणीआडून माझ्या डब्याकडे बघत होती. फॉर्म भरून झाला आणि ती बाई उठता उठता म्हणाली, "मॅडम, एक सांगाचं होतं. माह्या पोरीले डान्समध्ये घेऊ नका."

"अहो, आमच्याकडे तसला नाच नसतो," मी म्हणाले.

"कसलाबी असो. घेऊ नका."

मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, आधी राग येतो आणि विचार मागाहून वरातीमागून घोडं आल्यासारखा येतो. मुलांना धीट करायचं असतं, स्टेजची भीती लहानपणीच घालवायची असते, असं मी ऐकवलं आणि सवयीनं अकोल्याची गोष्ट सुरू केली. घागरा सांगितला, दोन वेळा 'वन्स मोअर' सांगितला, ओले कपडे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. "पण एक स्टेप चुकली नाही!" म्हणून मी बोट उचललं.

ती म्हणाली, "ते मीच होती, मॅडम."

माझं बोट तसंच वर राहिलं.

"तुमी ओळखलं नाई. मी दारातच ओळखलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "स्टेप कशी चुकन? तुमचे हात चालू होते ना. मी तुमच्या हाताकडं पाहून राहिली होती. ते थांबले असते तं मी बी थांबली असती."

लेकीचं बोट धरून ती निघून गेली. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. मावशींनी विचारलं, "काय झालं व मॅडम?" मला त्या दिवशीचं सगळं आठवलं, आणि यावेळी तिच्या जागेवरून आठवलं. ती नाचताना मानेनं मला काहीतरी खुणावत होती. मी विंगेतून दोन्ही हातांनी स्टेप करत होते आणि तोंडानं म्हणत होते, "हस, हस." हे मला इतकी वर्षं माहीत होतं. गोष्ट सांगताना तेवढं मी गाळायची.

शाळा सुरू झाली. मुलगी रोज यायची. डबा निघाला की मी तिला भिंतीजवळच्या छोट्या खुर्चीत बसवायची, कारण आईनं सांगितलं होतं. मन फार खायचं, पण मी तिला एकदाही "ये" म्हटलं नाही. मुलांनी विचारलं, ही काहून नाई येत? तर मी उत्तर शोधायच्या आधी एक जण म्हणाला, "ते गणंग हाये." लाह्या फोडताना जो दाणा फुटत नाही, तळाशी तसाच राहतो, तो गणंग. मी त्याला रागावणार तोच ती मुलगी खुर्चीतून गंभीरपणे म्हणाली, "हो, मी गणंग हाये," आणि खुर्चीत आणखी घट्ट आवळून बसली. इतका चांगला गणंग त्या वर्गात दुसऱ्या कुणालाही जमला नसता. मी मान वळवून डोळे पुसले.

खाऊचा डबा आणायची तिची पाळी आली की तिच्या आईकडून बिस्किटांचा बंद पुडा यायचा. वर चित्र, नाव, सगळं छापलेलं. ओळखायला काही ठेवलंच नाही. मुलं हिरमुसायची. मी पुडा फोडून वाटून टाकायची.

मुलगी मात्र खुर्चीत बसल्या बसल्या कामाला लागलेली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नसत आणि पायाची बोटं ताल धरत. शेवयांच्या दिवशी तिची वेणी लोंबायची. मी पाहिलं न पाहिलंसं करायची. पूर्वीची मी असते तर धावत जाऊन तिला मधोमध उभी केली असती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी आई दारात थांबली. एरवी ती लेकीला सोडून मागे न बघता जायची.

"मॅडम, तुमी हिले शिकवून राहिले का?"

"नाही हो. ती खुर्चीतच बसते. मावशींना विचारा."

"घरी लाही होऊन राहिली हे. मी गॅसजवळ असली का मागून उड्या मारते. आजीले शिरा करून दाखवते. परवा आंघोळीच्या पाटावरून गुळाचा खडा होऊन आली." बोलता बोलता तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो आवरला. बराच वेळ ती लेकीच्या चपला सरळ करत राहिली. मग म्हणाली, "घ्या मंग तिले. पण एक बोली हाये."

"सांगा."

"ते नाई म्हनली का तिथंच थांबवाचं. समोर कलेक्टर बसेल असो नाई तं कोनी बी. थांबवसान?"

"थांबवीन," मी म्हणाले. आणि इतक्या महिन्यांचं अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. "अकोल्याचं चुकलं माझं. फार चुकलं."

"चुकलं म्हनून काय होते, मॅडम," ती म्हणाली. "थांबवा म्हंजे झालं."

माफी मागितली की समोरचा माणूस विरघळतो असं मला वाटत होतं. वऱ्हाडात माणसं इतक्या लवकर विरघळत नाहीत, आणि ते बरंच आहे.

एकाच मुलीसाठी नियम कसा करायचा, म्हणून मी तो सगळ्या वर्गालाच लावला. कुणीही हात वर करून "बस" म्हणायचं, की डबा थांबणार, मी थांबणार, सगळे जिथल्या तिथे थांबणार. 'बस' हा शब्द मुद्दाम घेतला. वर्गातली निम्मी मुलं घरी उर्दूमिश्रित हिंदी बोलणारी, निम्मी वऱ्हाडी, आणि ताटात वरण जास्त पडलं की दोन्ही घरांत हाच शब्द निघतो.

पहिला आठवडा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मुलांच्या हातात राज्यच आलं. मी डब्यावर थाप मारली की "बस!" पुन्हा थाप, पुन्हा "बस!" एक जण तर मी खुर्चीवर बसायच्या आधीच हात वर करून उभा असायचा. मावशी म्हणाल्या, "यापरीस तं छडी बरी होती." मी दात-ओठ खाऊन प्रत्येक वेळी थांबले. माझ्यासाठी तो योगाभ्यासच होता. पण आठवड्याभरानं गंमत ओसरली आणि एक निराळीच गोष्ट दिसायला लागली. लहान मुलाला पळता येतं, उडता येतं, गडगडता येतं. थांबणं त्याला सगळ्यांत अवघड. आता ती थांबायला शिकत होती. अर्धवट उडालेली लाही हात पसरून तोल सांभाळत उभी राहायची, श्वास रोखून. तोल म्हणजे काय ते मी त्यांना शंभर वर्षांत शिकवू शकले नसते.

आणि ती मुलगी! खुर्चीतून उतरली तशी पहिले दोन दिवस गणंगच झाली, वर्गाच्या मधोमध जाऊन. तिसऱ्या दिवशी सगळ्या लाह्या फुटून संपल्या, मुलं फरशीवर आडवी झाली, तेव्हा हिनं एकटीनं उडी मारली आणि ओरडली, "मी उशिरा फुटली!"

डिसेंबरमध्ये संस्थेच्या सरांनी बोलावलं. सर मनानं वाईट नाहीत, पण गॅदरिंग जवळ आलं की त्यांना देवी अंगात आल्यासारखं होतं. "मॅडम, पालकांले आयटम पाहिजे. गाणं पाहिजे, ड्रेस पाहिजे. लाह्या कोन पाह्यते?"

"पालक बघणार नाहीत, सर. ओळखणार आहेत," मी म्हणाले. मुलं नाचून दाखवतील, लोकांनी डब्यात काय आहे ते ओळखायचं. घरच्या कपड्यांत, बिनलालीचं. सरांनी कपाळाला हात लावला. शेवटी कार्यक्रमात पहिली सात मिनिटं मिळाली, तीही पाहुणे तोपर्यंत चहा घेत असतील या हिशेबानं.

पाहुण्यांनी चहा लवकर संपवला. जानेवारीतल्या त्या सकाळी पडदा वर गेला तेव्हा पहिल्या रांगेत सर, प्रमुख पाहुणे आणि फुलांचे गुच्छ, मागे भरगच्च सभागृह. मी विंगेत गेले नाही. स्टेजच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी खुर्ची टाकून डबा मांडीवर घेऊन बसले. तिसऱ्या रांगेच्या टोकाला त्या मुलीची आई होती. मोबाईल नव्हता तिच्या हातात. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले.

पहिल्यांदा लाडू झाले. मागून एक आजोबा ओरडले, "बुंदीचे का रव्याचे?" सभागृह हसलं आणि मुलंही हसली. शेवया झाल्या, त्या ओळखायला लोकांना वेळ लागला, भांडणं झाली. मग लाह्या. मुलं खाली बसली, मी डब्यावर बोटांनी हलके हलके वाजवायला लागले, थरथर सुरू झाली. पहिली लाही फुटली, दुसरी फुटली. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. माझेही हात रंगात आले. आणि त्या सगळ्या गोंधळात एक छोटा हात वर गेला.

"बस!"

तीच होती.

माझे हात थांबले. सगळी मुलं जिथल्या तिथे थांबली. लोकांच्या टाळ्या थोडा वेळ तशाच चालत राहिल्या आणि मग विझल्या. सर पहिल्या रांगेतून हातानं खुणावत होते, चालू ठेवा, चालू ठेवा. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी माझी बोटं आपोआप वळवळायला लागली होती. इतक्या वर्षांची खोड ती. मी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

मुलगी चालत विंगेकडे गेली. तिथे मुलांच्या पाण्याच्या बाटल्या रांगेनं ठेवल्या होत्या. तिनं आपली शोधली. झाकण उघडेना, तर मावशींकडे नेली. मग उभ्या उभ्या, अख्ख्या सभागृहासमोर, सावकाश पाणी प्यायली. इतका वेळ कुणी पाणी पिताना मी जन्मात पाहिलेलं नाही. स्टेजवर लाह्या थांबलेल्या होत्या. एकीनं आजीला हात केला. एक जण कंटाळून खाली बसला. कुणी रडलं नाही, कुणी पळालं नाही. तिनं बाहीनं तोंड पुसलं, जागेवर येऊन उकिडवी बसली आणि मला म्हणाली, "आता वाजवा."

मी वाजवलं. त्या दिवशी आमच्या कढईत एकही गणंग राहिला नाही.

लोक उभे राहिले. आणि मागून तो आवाज आला, जो येणारच होता. "वन्स मोअर!" मग चार ठिकाणांहून, मग सगळीकडून. मी मुलांकडे वळले आणि विचारलं, "पुन्हा करायचं का?" दोघांतिघांनी हो म्हटलं, बाकीची विचारात पडली. ती मुलगी म्हणाली, "नाई. आता खाऊ." हे सगळ्यांनाच पटलं. मुलं एकमेकांचे हात धरून निघूनही गेली. लोक रिकाम्या स्टेजकडे बघून 'वन्स मोअर' ओरडत होते आणि मी डबा उचलून लोकांना नमस्कार केला.

कार्यक्रमानंतर सर माझ्याशी बोलले नाहीत, पण नंतर कळलं, पाहुण्यांना लाह्या आवडल्या होत्या, त्यामुळे सरांनाही आवडल्या. मुलीची आई सभागृहाच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत उभी होती. लेक तिच्या कडेवर झोपून गेली होती.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"तवा मी बस म्हनली असती, तं तुमी थांबवलं असतं?"

हो म्हणणं फार सोपं होतं. तिलाही बरं वाटलं असतं कदाचित, मला तर नक्कीच. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही. तेव्हा नसतं थांबवलं."

तिनं मान हलवली. "मले बी तेच वाटे," ती म्हणाली. "इतकी वर्सं मले वाटे, मीच काहून नाई बोलली, माहाच दोष. बोलून बी काई झालं नसतं, नाई का?"

"काही झालं नसतं. दोष तुमचा नव्हता."

तिनं लेकीचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं आणि पायऱ्या उतरली. खाली जाऊन थांबली. "सोमवारचा डबा माह्या घरून," म्हणाली आणि रिक्षात बसली.

सोमवारी डबा आला. बिस्किटांचा पुडा नव्हता. झाकण लावलेला, कापडात गुंडाळलेला गोल डबा. मी कानाशी नेऊन हलवला, वाजला नाही. मुलांनी हलवला, वाजला नाही. पोळी, शिरा, केळं, सगळं म्हणून झालं. लेकीला आत काय आहे ते माहीत होतं आणि ती दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून फुटायच्या बेतात होती. मुलं ओरडायला लागली, "नाचून दाखव! नाचून दाखव!"

लेकीनं तोंडावरचे हात काढले आणि दाराकडे बोट केलं. "आई दाखवन."

आई त्या दिवशी गेली नव्हती. दारातच उभी होती. "मी नाई व माय," ती मागे सरकली. मुलं तिच्याकडे बघत होती. मी ये म्हटलं नाही, हस म्हटलं नाही. डबा मांडीवर घेतला आणि वाट पाहत बसले.

तिनं चपला काढल्या. आत आली, मुलांच्या मधोमध उभी राहिली, ओढणी खोचली. मग अंग चोरून, हात पोटाशी घेऊन अगदी लहान आणि चपटी झाली. मी बोटांनी हलकेच ताल धरला. तिचे गाल हळूहळू फुगायला लागले. मग खांदे, मग हात दोन्ही बाजूंनी गोल, आणखी गोल, टाचा उचलल्या गेल्या. "पुरी!" सगळा वर्ग किंचाळला, "पुरी! पुरी!" तिचे फुगलेले गाल आवरेनात, त्यातून हसू फुटून बाहेर आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि मुलं तिच्याभोवती टम्म फुगत नाचायला लागली. माझा डबा जोरात वाजत होता.

त्या गलक्यात तिनं हात वर केला.

"बस, मॅडम."

मी थांबले.